अकरावी ओळ

ठरावात शब्द एवढाच होता : मोकळी.
"देवळामागील जागा मोकळी व निरुपयोगी असून..."
खाली अकरा ओळी आखलेल्या, दहा भरलेल्या.
पाळकसाहेबांची सही पहिली, लपेटदार.
खजिनदार शीलास मकासरेंची दहावी, जरा थरथरलेली.
मग पेन माझ्यापुढं.

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला.
चष्मा पिशवीतच होता.

रात्री जालन्यावर भट्ट्यांचा तांबडा उजेड.
त्याच उजेडात माझा आशेर लोखंड ओढतो, रोजंदारीवर,
भुवया जळालेल्या.
"शाळेत क्लार्कची जागा निघतेय, एस्तेरबाई,"
पाळकसाहेब जाता जाता म्हणाले होते,
आणि वर एक वचन.
वचन चांगलं होतं.
रानात उपाशी बसलेल्या प्रभूलाही
वचनंच म्हणून दाखवली होती त्यानं.

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस
मोसंब्यांची पेटी ठेवून गेला.
चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते,
कुणाच्या बाळंतपणाची साडी घेतली नाही,
असं म्हणणार होते.
पण एकदा घेतलीय. निळी.
ट्रंकेत आहे, नेसवत नाही.

जुनं दफन-रजिस्टर माझ्याकडं असतं,
कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं.
दुष्काळात बैलगाडीतून आणलेली लेकरं,
पानामागून पान :
मुलगा, वय आठ, परतूरकडचा.
मुलगी, वय अंदाजे सहा, गाव सांगता आलं नाही.
मुलगी. मुलगी. जुळ्या असाव्यात.
देवळामागं, विहिरीच्या उगवतीला.
क्रूस लाकडाचे होते, कुण्या थंडीत जळाले असतील.
आता तिथं घाणेरी, शेळ्या.
मोकळी दिसते जागा, हे खरंय.

माझी पणजी त्याच गाडीतून उतरली होती.
ती जगली, एवढाच फरक.

प्रार्थना केली. उत्तर आलं नाही.
नळ आला, नवव्या दिवशी, रात्री दोनला.
हंड्याला पाणी लागलं तसं मनात आलं,
पोराला एकदाची बसून करायची नोकरी मिळू दे,
मेलेल्यांना काय फरक पडतो.
हंडा भरेपर्यंत
मी ते येऊ दिलं.

सकाळी पेटी परत करायला काढली तर दोन मोसंब्या कमी.
इम्मू पलंगाखाली सालं लपवत होता.
मारलं नाही त्याला. मोंढ्यात गेले,
त्याच आकाराच्या दोन शोधत बसले.
"मावशी, लग्न लावायचंय का मोसंबीचं?" गाडीवाला वैतागला.
वीस रुपये.
पेटी भरली, दोरी बांधली,
ऑटोत तिच्याशेजारी अंग चोरून बसले.

कमिटीत चष्मा लावला.
अकराव्या ओळीवर
चार्टवर ताप लिहावा तशा अक्षरात लिहिलं :
जागा मोकळी नाही.
आणि सही केली.

शीलासभाऊ खिडकीकडं बघत राहिले.
पाळकसाहेबांनी कागद पालथा घातला,
म्हणाले, प्रार्थना करू या.
सगळ्यांनी डोळे मिटले.
माझे उघडेच राहिले.

रविवारी माझ्या बाकावर कुणी बसलं नाही.
आशेर बोलत नाही, जेवून ताट सरकवतो.
दहा सह्या पुरतातही म्हणे.

संध्याकाळी मी रजिस्टर घेऊन विहिरीकडं जाते,
एक पान वाचते, मोठ्यानं.
जिचं नाव लिहिलेलं नाही तिथं
जरा थांबते.
शेळ्या वर बघतात.