बोटभर

सहा चाळीसची बोट.
तिकिटं फाडणारा माझी पेटी हलवून बघतो,
आत कात्र्या वाजतात.
"आज कुणाकुणाची पाळी?"
वाऱ्याला विचार, म्हणते मी.
वारा सेकंदाला पंधरा मीटरच्या वर गेला
की बोट सुटत नाही
आणि स्कार्व्हॉयची डोकी
आणखी सहा आठवडे तशीच वाढत राहतात.

आज सुटली.
ही दोन पायांची बोट पाण्यात बसतच नाही,
विस्तव तुडवत निघाल्यासारखी वरच्यावर जाते.
काचेवरचे थेंब खाली ओघळत नाहीत,
आडवे धावतात, मागे.
बेटं येतात, नाव आठवायच्या आत जातात.
"पूर्वी अख्खी रात्र लागायची," पुढच्या बाकावरचा सुतार सांगतो,
"ओकून ओकून माणूस रिकामा व्हायचा,
उतरताना कुठून आलो तेच विसरायचा."
आता दीड तास.
कॉफी निवायच्या आत आपण भलतीकडे,
आणि विसरलेलं काहीच नसतं.

दुकान मांडते मी शाळेत.
खुर्च्या सहावीच्या, मोठ्यांचे गुडघे छातीशी येतात.
फळ्यावर जूनमधली तारीख.
भिंतीवरच्या नॉर्वेच्या नकाशात
स्कार्व्हॉय आहे तिथे टाचणीचं भोक.

पहिला ओद्दवार, कायम पहिला.
"आधी कानातले काढ, म्हणजे बाकीचं ऐकू येईल."
मग राग्नफ्रिड आणि योरुन, सख्ख्या बहिणी,
चौदा वर्षं अबोला;
पण एकीचं झालं की दुसरी बसता बसता म्हणते,
तिच्याहून जरा आखूड.
मग टोर्लेफ, ज्याला केसच नाहीत.
तो गरम टॉवेलसाठी येतो,
डोळे मिटून बसतो,
पैसे पूर्ण देतो.

साडेबाराला एल्ड्रिड.
या शाळेची शेवटची पोर.
सोळा झाली की इथली मुलं
पलीकडे गावात खोली घेतात, पुढच्या शाळेसाठी.
तिची बॅग दाराशी.
आईही दाराशी, मासळीच्या कारखान्यातून तशीच आलेली,
रबरी हातमोजे काखेत.

"सगळी काढा," एल्ड्रिड म्हणाली.
वेणी कमरेच्या खाली.
मी आरशातून आईकडे बघितलं.
आई फळ्यावरची तारीख वाचत होती.

हातात घेतली तर ओल्या दोरखंडासारखी जड.
असल्या दोराचे खुंटाला दोन वेढे घातले
की अख्खी बोट थांबते.
मी कात्री उघडली.

"थांबा. बोटभर. फक्त बोटभर काढा."

"कुणाचं बोट?" मी विचारलं,
धंद्यात हे विचारावंच लागतं.
पोरीने मान न वळवता हात मागे केला.
आई आली. तर्जनी वेणीच्या टोकाशी धरली:
गार पाण्याने तडकलेली, नखाच्या कडेला मिठाची रेघ.
तेवढंच कापलं.
केर काढला तेव्हा ते कुठले, ओद्दवारचे कुठले,
अबोल्यातल्या बहिणींचे कुठले,
सुपलीत काही कळलं नाही.

चार दहाची परतीची.
निरोपाला ही बोट वेळच देत नाही.
दोर सुटला की धक्का वीतभर,
मग आपल्याच मागची पांढरी वाट,
आणि त्या वाटेच्या टोकाला काही आहे
असं समजायचं.

एल्ड्रिड माझ्या शेजारी. मागे बघितलं नाही तिने.
अर्ध्या वाटेत म्हणाली,
"कात्री आहे ना?"
पेटी माझ्या पायांत वाजतच होती.
"इथे नको. ही हादरते फार, कान जायचा."
"मग धक्क्यावर?"
"धक्क्यावर बघू."

ती गप्प झाली.
वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं,
एक वेढा, दुसरा वेढा,
सोडला.
परत गुंडाळला.

काचेवर पाणी आडवं धावत होतं.