तुळशीचं लग्न झाल्यावर

तुळशीचं लग्न झाल्यावर कुणी गवत पेरतं का,
शेजारचे आहिरेकाका कुंपणावरून म्हणाले.
मृग गेला, हस्त गेला,
आता काय, थंडी उगवणार?

मी नुसती हसले.
पस्तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईला
कशाची वेळ कुठली, ते सांगू नये कुणी.

मखमलाबादच्या ह्या गुंठाभर जागेत
माती कमी, बिल्डरची घाई जास्त:
विटांचे तुकडे, दगड झालेलं सिमेंटचं पोतं,
एक चप्पल, डाव्या पायाची,
आणि हातभर खाली काळी जमीन,
जिच्यावर एकेकाळी द्राक्षांचे मांडव होते.
गंजक्या तारेचं वेटोळं
अजून निघतं कुदळीला लागून.

मुलगा पुण्याहून म्हणाला, आई,
लॉनचे चौकोन मिळतात तयार,
अर्ध्या दिवसात हिरवं करून देतात,
फरशीसारखं.
म्हटलं, फरशी आहे की घरात.

बी आणलं हरसूलच्या बाजारातून.
बाजारातून म्हणजे मनकर्णा भोयेकडून,
जी माझ्या वॉर्डात तीनदा बाळंत झाली
आणि तिन्ही वेळा मलाच दरडावून गेली.
खताच्या गोणीत पवना, मारवेल, थोडी कुसळी,
काड्या-कुसांसकट, डोंगराच्या वासासकट.
पैसे घेईना.
मग घेतले.
दोनदा मोजून घेतले.

म्हणाली, गवत आपलं आपण पेरतं, सिस्टर.
दिवाळी झाली की झडतं, पडतं, निजतं.
त्याला कुठं पंचांग?
तू फक्त मधी येऊ नको.

पहाटे चारला जाग येतेच.
उजाडेपर्यंत स्वेटर घालून बसले,
मग राख, शेणखत, बी एकत्र कालवून
मूठ मूठ फेकत मागे सरत गेले,
म्हणजे पेरल्यावर पाय पडत नाही.
उलट्या पावलांनी चालताना
झालेलं तेवढं समोर असतं,
व्हायचं ते पाठीमागे.
असं काहीतरी मोठं सुचत होतं,
तेवढ्यात पाठ नळाला आपटली.

कडेला खड्डे घेतले.
निरगुडीची काडी खोचली, तिला तेवढं पुरतं.
अडुळसा दोन, कुंती एक,
आणि करवंदी मुद्दाम
आहिरेकाकांच्या बाजूला.

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.
एकेक दाणा डोक्यावर घेऊन
सरळ कुंपणाखालून पलीकडे,
जसं काही डिस्चार्ज मिळालाय सगळ्यांना.
मी खडूची रेघ ओढली.
त्या वळसा घालून गेल्या.
मग मुनियांचा थवा उतरला,
आणि उरलंय किती ते मोजायचं मी सोडून दिलं.

मार्गशीर्षात निफाडचा पारा सहावर,
पेपरात फोटो, दवाचा बर्फ झालेला.
बागाईतदारांनी द्राक्षांसाठी शेकोट्या पेटवल्या,
धूर आमच्या खिडकीपर्यंत आला.
माझ्या बियांसाठी काही पेटवावं लागलं नाही.
त्यांना उगवायचंच नव्हतं एवढ्यात.
झुडपांना मात्र रोज तांब्या तांब्या पाणी,
सलाइनसारखं, थेंबाथेंबानं.

आलं का काही? आहिरेकाका रोज विचारायचे.
रिपोर्ट यायचाय, मी सांगायची.

पौषातल्या एका सकाळी ते बोलले नाहीत.
हातानंच बोलावलं.
त्यांच्या अंगणात, गळक्या नळाशी,
फरशीच्या फटीतून
चार-पाच हिरवे केस वर आलेले.

हे तण आहे, की तुमचं आहे?

चष्मा लावून मी उकिडवी बसले.
बोटानं एक पान उलटं करून पाहिलं.
एवढ्यात सांगता येत नाही, म्हटलं.
राहू द्या. बघू.

त्यांनी नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन केला होता,
तो आला दुपारी, त्याला परत पाठवला.

माझ्याकडे अजून सगळं तपकिरी आहे.
निरगुडीला दोन पानं.
एकाला भोक.