अवैध

नऊ पानांवर नऊ डबे होते
कागद टाकायचे.
प्रत्येक वेगळ्या हाताने लिहिलेला, त्यातले दोन
माझ्याच, मागच्या वर्षीच्या घाईतल्या हाताने.
एक म्हणायचा 'फाईल निवडा', दुसरा 'ब्राउझ करा'.
शिष्यवृत्तीचा दोनशे केबीवर अडून बसायचा,
वसतिगृहाचा दोन एमबीपर्यंत हूं की चूं करायचा नाही,
आणि पडताळणीचा तर
फाईलच्या नावात एखादी वेलांटी दिसली
की फाईलच गिळायचा.

नागपूरहून फोन आला. एकच कर.
एकदा लिही, सगळीकडे वापर.

मी इकडे, आर्वीपासून अकरा किलोमीटर,
कुलरच्या तोंडाशी लॅपटॉप धरून.
मे महिना. टाकीतलं पाणी दुपारी दोनदा संपतं.
'सगळीकडे वापर' म्हटल्यावर मला आठवले
समाजमंदिरातले गंज,
काठावर छिन्नीने गावाचं नाव कोरलेले,
या मांडवातून त्या मांडवात जाणारे,
साक्षगंध आहे की तेरवी, न विचारणारे.
कवडू मेश्राम वहीत मांडून देतो, मोजून घेतो,
आणि कुठे पोचा आलाच
तर पोच्यासकट पुढच्या घरी पाठवतो.

पोच्याचीच भीती होती मला.
आता माझी एक चूक
नऊ ठिकाणी चुकणार होती.

तीन दिवस गेले.
कोणते कागद चालतील, किती जड, किती,
एवढंच बाहेरून सांगायचं,
बाकी सगळं त्याच्या पोटात.
अर्ध्यावर नेट गेलं तर पहिल्यापासून नाही,
जिथे थांबलं तिथून.
(हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
आमच्या गच्चीनं शिकवलं,
जिथे टाकीच्या पूर्वेला दोन काड्या येतात
आणि पश्चिमेला एकही नाही.)

चौथ्या दिवशी पंचफुलाबाई आल्या.
"कागदाचा डबा बनवून रायली म्हणतेत तू.
मायाही टाकून पाय बरं."
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून निघाली
नातीची टी.सी., चार घड्यांची,
एक घडी नेमकी आडनावावरून गेलेली.
फोटो त्यांनीच काढलेला, अंगणात, भर उन्हात.
कोपऱ्यात त्यांचा अंगठा,
बिब्बे फोडून फोडून काळा पडलेला.

टाकला.
लाल अक्षरं उमटली :
अवैध दस्तऐवज.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवून वाचलं,
एकेक अक्षर, प्रौढ वर्गात शिकल्यासारखं.
मग माझ्याकडे पाहिलं.
"दारू अवैध रायते वं.
नदीवरची रेती अवैध रायते, रातच्या टॅक्टरची.
माया पोरीची टीशी कायले अवैध राहीन?
हेडमास्तरची सही हाये तिच्यावर."

कुलर घरघरत राहिला.
मी म्हणणार होते, तसं नाही हो आजी,
मशीनचा शब्द आहे तो.
पण मशीन कुठलं?
शब्द माझा होता. मीच टाइप केलेला
मंगळवारी, जेवता जेवता, डाव्या हाताने.

शोधलं तर तो एक्केचाळीस जागी निघाला.
पुसट फोटो अवैध. मोठी फाईल अवैध.
वीज गेली तरी अवैध.

एकेक खोडत गेले.
पुसटच्या जागी लिहिलं :
'फोटो नीट दिसत नाही.
कागद सावलीत ठेवून पुन्हा एकदा काढता का?'

पंचफुलाबाईंनी काढला,
आमच्या ओट्यावर, निंबाच्या सावलीत.
या वेळी हिरवी रेघ सरकली,
मध्ये एकदा थांबली, दम खाल्ला,
आणि पोचली.
अंगठा होताच कोपऱ्यात.
डब्याने त्याबद्दल काही विचारलं नाही.

"झालं?"
"झालं."
"मंग पावती?"
पावतीचं मी विसरलेच होते.
तो पाचवा दिवस.

संध्याकाळी नागपूरहून शेरा आला,
कोड चांगला आहे, फक्त
संदेश लांब वाटतो,
छोट्या फोनवर दोन ओळी जातील.

मी लिहिलं,
जातील.