गाडी जाईपर्यंत

उजवा कान फाउंड्रीनं घेतला,
डावा ह्या चौघांसाठी राखून ठेवलाय.
म्हणून उजवा भिंतीकडे, डावा स्पीकरकडे,
इतका जवळ
की शर्टाची बटणं आपसूक वाजतात.

बॅनरवर एकही अक्षर नाही.
आमच्या गावात पट्टी घेऊन अक्षरांची उंची मोजतात,
तेव्हा भरमानं घरच्या चादरीवर
नुसतं रेल्वेचं फाटक रंगवलंय,
तांबडं-पांढरं, पडलेलं.
ज्याला कळायचं त्याला कळतं.
सगळ्यांनाच कळतं.

बॉस्को रेबेलोच्या गॅरेजात सुरू झालं हे,
तिसऱ्या गेटला लागून.
इंजिन उतरवायच्या टेबलावर
मोडीत आणलेला अँप्लिफायर,
ग्रीसचे दोन डबे, आणि एक खरा ड्रम
चर्चच्या बँडनं टाकलेला.
आम्ही शटरखालून वाकून बघायचो.
बॉस्को म्हणायचा, आत या नाहीतर स्कूटर तरी धरा.
मी सात वर्षं स्कूटर धरली.

साडेसातला मिरजेची गाडी.
फाटक पडायचं, पत्रे थरथरायचे,
दस्तगीर तोंड उघडं ठेवून तसाच थांबायचा,
भरमाचा हात तारेवर.
शेवटचा डबा गेला की
शिवपुत्र काड्या उचलून कन्नडात मोजायचा:
ओंदु, एरडु, मूरु,
आणि चारच्या आधीच सगळे सुटायचे.

ती थांब गाण्यात तशीच राहिली.
कॅसेट काढली, तीनशे प्रती, दोन माझ्याकडे.
तिच्यातही मध्येच चाळीस सेकंद
काही म्हणजे काही नाही.
कोल्हापूरच्या दुकानदारानं गठ्ठा परत पाठवला:
माल खराब.

आता तिथं पूल आहे.
गॅरेजात मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.
आणि आज आम्ही शहापुरातल्या मंगल कार्यालयात,
कालच्या लग्नाचा थर्माकोलचा मोर
स्टेजवर तसाच, पिसारा फुलवून,
त्याच्या पुढ्यात बॉस्को खुर्चीत बसून, गुडघा बांधलेला.

निपाणीहून शकुताई आलीय,
विड्यांचा एक दिवस बुडवून,
पदर खोचून पहिल्या रांगेत,
शिट्टी तिच्याइतकी कुणाची नाही.
गुरुसिद्धाप्पा तोच काळा शर्ट घालून,
वरची दोन बटणं लागतात फक्त.
चंदगडच्या दोन पोरी,
जन्माआधीची गाणी तोंडपाठ.
एकीनं विचारलं, काका, तुम्ही पहिल्यापासून?
म्हटलं, व्हय. गाडीपासून.

दस्तगीरचा वरचा सूर आता लागत नाही.
तो माइक आमच्याकडं वळवतो.
आमचाही लागत नाही.
चारशे माणसं मिळून चुकतात
आणि छताचा पंखा हलतो.
अजून वाजवूलालेत की रे,
गुरुसिद्धाप्पा माझ्या बहिऱ्या कानात ओरडतो,
मला ते दातांतून ऐकू येतं.

मग ते गाणं.
मग ती जागा.
भरमाचा हात तारेवर, दस्तगीरचं तोंड उघडं,
आणि चारशे माणसं गप्प,
जी गाडी आता इथून कुणाला दिसत नाही
तिच्यासाठी.
कुणाच्या तरी मांडीवरचं पोर म्हणतं,
करंट गेला काय?

तेवढ्यात दारात हवालदार.
दहा वाजून दोन मिनिटं.
तो आत बघतो, मोराकडं बघतो,
कान देऊन ऐकतो: शांत.
मान हलवतो, खुशीत,
वेळेवर आटपणारी माणसं म्हणून.
बाहेर जाऊन हेल्मेट घालतो,
किक मारतो. एकदा. दोनदा.

चाळीस सेकंद होऊन गेलेत.
शिवपुत्रच्या काड्या हवेत,
त्याच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आलाय,
शकुताईनं तोंडात पदर कोंबलाय हसू दाबायला,
आणि आम्ही सगळे
पत्र्याच्या खुर्च्यांच्या पाठी धरून उभे,
श्वास न सोडता,
त्याची गाडी जाईपर्यंत.

ओंदु.