गोळी आणि चहा यांच्या मधला तास

पहाटे सहाला एक गोळी,
ज्वारीच्या दाण्याएवढी, पांढरी,
नुसत्या पाण्याबरोबर.
मग तासभर चहा नाही.

डॉक्टरीणबाई हे इतक्या सहज म्हणाल्या
की आपण काय काढून घेतोय
ते त्यांना कळलंच नसावं.
आमच्याकडे चहा झाल्याशिवाय
कुणी शुद्धीवर येत नसे.

पहिले चार दिवस ओट्याशी उभी राहून
घड्याळ बघत बसले,
गवती चहाची वाळकी पात हुंगत.
पाचव्या दिवशी बूट घातले.
व्यायाम म्हणून नाही,
किटलीपासून लांब जावं म्हणून.

शेफील्ड हे गाव कुणीतरी उभं मांडलंय.
आमच्या वॉकलीतल्या चढाला लोखंडी कठडा आहे,
म्हाताऱ्यांसाठी, बर्फासाठी,
आणि आता माझ्यासाठी.
त्या दिवशी तिसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत गेले.
तिथे मांड्यांत ओली वाळू भरली.
परतले.
उतरतानाही धाप लागली,
हे घरात कुणाला सांगितलं नाही.

त्याआधी वर्षभर
मी आळशी आहे असं मलाही वाटत होतं.
जूनमध्ये लोकरीचे मोजे.
जिन्यात मध्येच बसणं.
भुवयांची टोकं झडली, आवाज घोगरा झाला.
व्हिडिओ कॉलवर नणंद म्हणाली,
‘बरी मानवलीय गं तुला विलायत,
गाल बघ कसे वर आलेत.’
मी हसले.
हसायलाही वेळ लागला.

मग कुपीभर रक्तातून आकडा निघाला.
थायरॉइड. गळ्यातली चिमुकली ग्रंथी
न सांगता संपावर गेलेली.
आकडा ऐकून मला जे वाटलं
त्याला आनंद म्हणायची लाज वाटते.

मिरजेची कुमुदआत्या
मे महिन्यातही स्वेटर घालून
दाराशी पाटावर बसलेली असायची.
तिला सगळे ‘पोतं’ म्हणत.
मीही म्हणाले होते,
सहा वर्षांची असताना, तिच्या तोंडावर,
पाहुण्यांनी हसावं म्हणून.
ती सगळ्यांच्या नंतर हसली, सावकाश.
मला वाटलं, उशिरा समजलं हिला.

तिच्या रक्ताचा आकडा
कुणी काढलाच नाही.

सातव्या खांबाशी बाक आहे.
पलीकडच्या मळ्याच्या तुकड्यात
नेव्हिल लीकच्या ओळी खुरपतो,
एक गुडघा बदललेला, दुसरा वाट बघणारा.
मी का थांबते हे तो विचारत नाही.
एकदाच म्हणाला,
‘दम खायलाच तर ठेवलाय तो बाक, लव्ह,’
आणि रुबाबचे चार देठ हातात दिले,
ज्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

रोज एकेक खांब पुढे, असं काही नसतं.
नोव्हेंबरात गोळी वाढवली, छाती धडधडली,
मग कमी केली, आणि मी पुन्हा
तिसऱ्या खांबाशी.
एका सकाळी तर नुसता घरातला जिना
दोनदा चढले, कठडा धरून, नाइटीवर.
त्यालाही मी चालणंच म्हणते.
वाद घालायचा त्याने घालावा.

आज अकरावा खांब, म्हणजे माथा.
खाली दरीत दिवे एकेक करून विझताहेत,
एक रिकामी बस नेटाने वर येतेय,
तिचीही धाप ऐकू येते.
कोटाची चेन उघडली,
मानेवर हात फिरवला, तर ओला.
घाम!
किती महिन्यांनी.
कुणाला दाखवावा असा माझाच घाम.

सात वाजून गेलेत.
घरी किटली वाट बघत असेल.
बघू दे अजून पाच मिनिटं.