एमलव्वा

खानापूर स्टेशनात उतरल्या उतरल्या रिबकानं विचारलं,
इथं कुठल्या भाषेत बोलायचं?
फलकावर तीन लिपी होत्या, तिच्या तोंडात चौथीच.
आप्पा म्हणाले, भूक लागली असली की कुठलीही चालते.
रिक्षावाल्या बाळप्पानं आधी चौकशी केली, ऊट आतेन्री?
मग मराठीत भाडं सांगितलं.

सात वर्षांनी आलोय, सहा आठवड्यांसाठी.
सुकुमार मागंच राहिलाय, मलावीत, सरोवराकाठच्या दवाखान्यात.
मी तिथं बायकांना शिवण शिकवते आणि शुभवर्तमान सांगते.
दोन्हींचे टाके उसवतात.
रविवारी उपासनेनंतर एका वडीलधाऱ्यांनी विचारलं,
किती आत्मे जिंकले, बाई?
म्हटलं, अठराजणींना काज करता येतं आता.
पाळकसाहेब खोकले.

आईची चप्पल अजून दाराशीच आहे.
तिच्या मातीला मी नव्हते.
फोनवर पाहिली ती पेटी, आप्पांची पाठ,
एक गीत मराठीत, एक कन्नडात
(आमच्या मंडळीत भांडून ठरलेला नियम),
आणि 'मातीला माती' म्हणताना चित्र थिजलं.
पाळकांचा हात हवेत, मूठ बंद.
किती वेळ मी त्या मुठीकडं बघत बसले.
सुकुमार म्हणाला, प्रार्थना करू या.
मी म्हणाले, तू कर.

आज आप्पांनी हातात खराटा दिला.
उद्या उत्तम शुक्रवार.
कौलांच्या भट्टीवरून वाट जाते, पायांवर लाल धूळ चढते,
रिबका ती फुंकून बघते, पुन्हा चढते.
आईच्या कबरीवर अजून फरशी नाही,
नाव तेवढं पत्र्यावर रंगवलेलं, 'सुवार्ता' मधला रफार वाहून गेलेला.

तिच्या शेजारी ती जुनी, दगडी, हातभर लांबीची.
कुण्या मिशनरी साहेबाची मुलगी. अकरा महिन्यांची.
तापानं गेली. आईबाप बोटीनं परत गेले,
पुन्हा कुणी आलं नाही.
आईला ती अक्षरं वाचता येत नव्हती.
कुणीतरी वाचून दाखवलं, एमिली.
तिनं तिची एमलव्वा केली.
दरवर्षी आधी ही कबर झाडायची, मग सासूची.
मी चिडायचे, आपली कोण लागते ती?
लागत नाही म्हणूनच की, म्हणायची,
आणि दगडाच्या कोपऱ्यातली मुंग्यांची माती
नखानं काढायची.

ओबेदला मी तिकडं ठेवून आलेय.
नऊ दिवसांचा होता. आंब्याखाली, वाळूत.
संस्थेच्या अहवालात एक ओळ आहे,
'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले.'
ती सुकुमारनं लिहिली.
मला त्या ओळीबद्दल देवाशी अजून बोलायचंय.
वेळ मिळत नाही म्हणते. खरं तर वेळ असतो.

आईला कळवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली,
तिथल्या बायकांकडं खराटा असतो का गं?
मी फोन ठेवून दिला होता.
ह्या बाईला काही कळतच नाही, असं वाटलं होतं.

निघायच्या दिवशी पहाटे आंब्याखाली गेले
तर वाळूवर रेघा होत्या, बारीक, एकासारख्या एक.
कोंबड्यांनी उकरलं असेल म्हणून मी पायानं सारखं केलं.
सारखंच होतं ते.

आता खराटा हातात तसाच आहे.
रिबका उकिडवी बसून त्या छोट्या दगडाशी बोलतेय,
सरोवराच्या भाषेत, हळू, एकामागून एक प्रश्न.
काय म्हणते? आप्पा विचारतात.
जेवलीस का, विचारतेय.
आप्पा मान हलवतात.
आणि दोन कबरींच्या मधलं गवत उपटायला
गुडघा धरून खाली बसतात.