शिट्टीची दोरी

फोटो भिंतीवरून उतरवला तेव्हा मागे
चुन्याचा पांढरा चौकोन उरला,
बाकी भिंतीपेक्षा सत्तर वर्षांनी तरुण.

आजी देओलिंदा खुर्चीत बसलेली.
हातात काही नाही,
आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नाहीये.
मागे तो. गणवेशात.
घरात त्याला सगळे बाल्टाझार म्हणत आले:
आजीचा थोरला भाऊ, फ्रान्सच्या लढाईत गेलेला.
त्याच्या नावाने दर नोव्हेंबरात मेणबत्ती लागते.
आई विसरत नाही.

पण पुठ्ठ्याच्या पाठीवर एल्व्हशच्या स्टुडिओचा शिक्का आहे
आणि पेन्सिलीने लिहिलेलं साल: अडतीस.
मेलेला माणूस वीस वर्षांनी
गुळगुळीत दाढी करून फोटोला येत नाही.

मी भिंग आणलं.
टोपीला चकचकीत कड. सहा बटणं, पाचवं जरा सैल.
कॉलरवर काहीतरी आहे, पण नेमकं तिथेच
एका माशीने आपला अभिप्राय देऊन ठेवलाय.
संग्रहालयातला माणूस म्हणाला, पायदळ नव्हे.
सरहद्दीपलीकडे बादाखोसला विचारलं,
ते म्हणाले, आमचा नाही, देवाची कृपा.
रंग कोणता होता?
काय सांगणार. फोटोत सगळंच राखी,
भिंत, खुर्ची, आजीचे ओठ.

शेवटी एर्मिनियूकडे नेला.
वय एक्क्याण्णव. उजवा खांदा अजून डाव्याहून खाली:
अकराव्या वर्षापासून पाठीवर कॉफीची गोणी,
शेव्हुरा नदी उतरून स्पेनकडे,
चंद्र नसेल त्या रात्री.
त्याच वाटेने माझी आजीही जायची.
गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं,
पाद्रीबाबांना तर किलोच्या हिशेबात.

त्याने फोटो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब.
नाही, म्हणाला. नाही बुवा.
मग डोळे मिटून घेतले.
तू सांग, काय काय दिसतंय.

टोपी, म्हटलं. कमरेला रुंद पट्टा.
गुडघ्यापर्यंत बूट.
करकरतात?
फोटोत कसे करकरतील, एर्मिनियू?
बरं, पुढे.
खांद्यावरून एक गोफलेली दोरी, खिशात गेलेली.
खिशात काय आहे?
दिसत नाही.

शिट्टी, तो म्हणाला. डोळे मिटलेलेच.
सरहद्दीवरचा जकातीचा शिपाई.
पोरा, हा गणवेश मी जन्मभर अंधारात पाहिला,
उजेडात कसा ओळखू येणार?
आणि राखीच होता तो.
तेवढं फोटोने खरं सांगितलंय.

म्हणजे आमच्या घरात, मधल्या भिंतीवर,
कॉफीच्या गोण्या जिथे रात्रभर टेकायच्या
बरोबर त्याच्यावर,
मेणबत्तीसकट,
जकातीचा शिपाई.

आजी सांगायची, माझी गोणी कधी धरली गेली नाही.
एकदाही नाही. संत आंतोनियूची कृपा.
मी ते एर्मिनियूला सांगितलं.
तो बराच वेळ हसला, मग खोकला, मग गप्प झाला.

देओलिंदा बरोबर असली ना,
की शिट्टी व्हायची. खूप व्हायची.
कुत्री भुंकायची, कंदील पळायचे.
पण नेहमी पलीकडच्या टेकडीवर.
आम्हाला वाटायचं, काय मूर्ख माणूस आहे.

आई एकोणचाळीसच्या उन्हाळ्यातली.
मी टेबलाखाली बोटांवर महिने मोजत होतो,
पण म्हाताऱ्याचे कान अजून सरहद्दीवरचे.
त्याने कप पुढे सरकवला.
मोजू नको, म्हणाला. कॉफी निवते.

फोटो परत खिळ्यावर टांगला.
चौकोन नीट झाकला गेला नाही,
डावीकडे चुन्याची बारीक रेघ उरली.
आई स्वयंपाकघरातून आली, पदराचं काम
तिथल्या बायका एप्रनकडून करून घेतात तसे
हात पुसत उभी राहिली.
बघत राहिली. त्याच्याकडे, मग माझ्याकडे.
तिला काही विचारीन असं वाटत होतं.

बाल्टाझार वाकडा झालाय,
ती म्हणाली,
सरळ कर.